महापौराची मुदत अडीचची पाच करावी का?

सोसायटीचा_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीमागे नाला आहे. त्याची भिंत पावसात खचली म्हणून 2018 साली महापौरांना निवेदन दिलं. "बघतो" म्हणाले, फोटो काढला. 2019 च्या नोव्हेंबरात दुसरे महापौर आले. तेच निवेदन, तसाच फोटो, फक्त मी शर्ट वेगळा घातला होता. मग मार्च 2022 पासून प्रशासक. जवळजवळ चार वर्षं निवेदन कोणाच्या हातात द्यायचं हेच कळेना. आता पुन्हा महापौर आलेत आणि भिंत अजून खचलेलीच आहे.

रविवारच्या मीटिंगमध्ये एक सभासद म्हणाले, "अडीच वर्षांत माणूस खुर्चीत नीट बसेपर्यंत उठायची वेळ येते. सभागृह पाच वर्षांचं, मग महापौर अडीचचा का?" सगळ्यांना पटलं. कायदा बदला अशी मागणी करणारं पत्र लिहायला घेतलंय, दीडशे सह्या सहज होतील. आतलं कोणी माहीतगार असेल तर सांगा, पत्रात काय घालू?

निवृत्त_कारकून

साहेब, एकतीस वर्षं नगरसचिव कार्यालयात काढली. कोणती महापालिका ते विचारू नका, पेन्शन तिथूनच येते.

आमच्या सभागृहाबाहेर माजी महापौरांच्या नावांची लाकडी पाटी आहे. मी लागलो तेव्हा महापौर वर्षाचा असे. पेंटर वर्षातून एकदा यायचा, पिवळ्या रंगात एक नाव लिहायचा, चहा पिऊन जायचा. पुढे मुदत अडीच वर्षं झाली. मला वाटलं, आता पाटी पुरेल. झालं उलटंच. पक्षांनी अडीचची दोन सव्वा केली. एका गटाला सव्वा वर्ष, दुसऱ्याला सव्वा वर्ष. तिसरा रुसला तर त्याला शेवटचे सहा महिने. पाटी भरली, शेजारी दुसरी ठोकली.

कोल्हापूरकरांना हे सांगायची गरज नाही. 2015 ते 2020 या एकाच सभागृहात त्यांनी अर्ध्या डझनाहून जास्त महापौर बघितले. कायद्यात मुदत अडीचचीच होती.

राजीनामा कसा असतो ते सांगतो. टाइप केलेला मजकूर, खाली सही, आणि तारखेची जागा मोकळी. निवडीच्या दिवशीच लिहून घेतलेला. माझ्या टेबलावर एकदा असा कागद आला. मजकूर आणि सही जुनी, तारीख मात्र ताज्या निळ्या शाईची, आणि अक्षर तिसऱ्याच माणसाचं. मी आवक नोंदवली आणि गप्प बसलो. आता पाच वर्षं केलीत तर त्याच कागदावर पाच वर्षांचे चार तुकडे पडतील. कागद तोच.

दुसरं, महापौराच्या हातात असतं काय? सभा चालवणं, तहकूब करणं, राजदंड पळवणाऱ्याला बाहेर काढणं, गाडी आणि मान. कारभार आयुक्तांचा, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. पैशाच्या फायली स्थायी समितीत जातात. तिथे सोळा सदस्य, त्यातले आठ दर वर्षी निवृत्त. सभागृहाने केलेला ठराव सरकारला नको असेल तर महापालिका कायद्याचं कलम 451 आहेच, विखंडित म्हणजे रद्द करून मोकळे. 1998 मध्ये मुंबईत महापौर परिषद आणून महापौराला खरे अधिकार द्यायचा प्रयोग झाला होता. वर्षभरात गुंडाळला.

आणि 2019 ला विधानसभा निवडणूक आली म्हणून सरकारने मुदत संपत आलेल्या महापौरांना तीन महिने वाढवून दिले होते, आठवतंय? तुमच्या भिंतीला त्याचा काही उपयोग झाला का?

ह्यूस्टनकर

इथे हे प्रत्यक्ष घडलंय म्हणून लिहितो. अमेरिकेत बऱ्याच शहरांची स्वतःची सनद असते, चार्टर म्हणतात, आणि ती बदलायला मतदान घ्यावं लागतं. ह्यूस्टनचा महापौर दोन वर्षांचा होता, जास्तीत जास्त तीनदा. नोव्हेंबर 2015 ला मतदान झालं, मुदत चार वर्षं झाली, आणि मर्यादा दोनदाची.

गंमत मतपत्रिकेवरच्या वाक्यात होती. "मुदत दोनाची चार करायची का" असं सरळ विचारलंच नव्हतं. मुदतीला चार वर्षांची मर्यादा घालायची का, अशा धाटणीचा प्रश्न होता. वाचणाऱ्याला वाटावं, लगाम घालतायत. कोर्टात खटलाही गेला, पण शेवटी शहर जिंकलं.

चार वर्षांचा फायदा झाला असं माझं मत. दोन वर्षांचा महापौर दुसऱ्या वर्षी निधी गोळा करण्यातच असायचा. पण इथे आयुक्त नाही, महापौरच कारभारी. कौन्सिलपुढे कोणता विषय आणायचा तेही बराच काळ तोच ठरवायचा. 2023 ला लोकांनी पुन्हा मतदान करून तीन सदस्यांना मिळून विषय आणायची मुभा दिली. म्हणजे मुदत वाढवल्यावर आठ वर्षांनी त्याच लोकांना हात थोडा बांधावासा वाटला.

इंदूरची_सून

आमच्याकडे मध्य प्रदेशात महापौर जनता थेट निवडते, पाच वर्षांसाठी. 2000 पासून असंच बघतेय. परिषदेची बैठक चालवायला वेगळा अध्यक्ष असतो. नगरपालिका अध्यक्ष नको झाला तर "खाली कुर्सी, भरी कुर्सी" असं मतदानही झालेलं आहे, रिकाम्या खुर्चीवर शिक्का मारायचा. पाच वर्षं मागत असाल तर ही रिकामी खुर्चीही पत्रात मागा!

माजी_नगरसेविका

कारकून साहेबांचं सगळं खरं, पण आरक्षण कोणीच काढलं नाही म्हणून लिहिते.

महापौरपदाची सोडत निघते. कधी महिला, कधी अनुसूचित जाती, कधी मागासवर्ग. अडीच वर्षं आहेत म्हणून एका सभागृहात दोनदा चिठ्ठी निघते. पाच केलीत तर एकदाच. ज्या गटाची पाळी यायला आत्ताच पंधरा वर्षं लागतात, त्याने किती थांबायचं? मी खुल्या जागेवर कधीच महापौर झाले नसते, हे मला ठाऊक आहे आणि माझ्या पक्षालाही.

मला सव्वा वर्ष मिळालं. पहिले तीन महिने सत्कारात गेले. आठव्या महिन्यात फाइल वाचता यायला लागली, टिपणीत "तपासून सादर" लिहिलं म्हणजे कोणी तपासलेलं नाही हे समजलं. तेराव्या महिन्यात फोन आला, "ताई, ठरल्याप्रमाणे." रडले नाही, पण पाटी बघायला त्यानंतर गेलेही नाही.

मला विचाराल तर अडीच वर्षं राहू द्या, पण पूर्ण द्या.

सोसायटीचा_सेक्रेटरी

पाच वर्षांचा मसुदा फाडला. आता "मधेच राजीनामा घेणं बंद करा" असं लिहावं म्हणतो. आणि भिंतीचं काय करू?

निवृत्त_कारकून

ते पत्र लिहा, पण राजीनामा कायद्याने कोणी "घेत" नाही, महापौर स्वेच्छेने देतात. कागदावर तसंच असतं.

भिंतीसाठी महापौरांकडे जाऊ नका. कार्यकारी अभियंता, मलनिस्सारण किंवा पावसाळी गटारं, जो विभाग तुमच्याकडे नाल्याचं बघत असेल तो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. फोटो भिंतीचा लावा, तुमचा नको. अंदाजपत्रकाची तयारी दिवाळीनंतर सुरू होते, त्याच्या आत द्या.