बायपासनंतर मूत्रपिंडाला होणारी इजा सोनोग्राफीने आधीच ओळखता येईल का?

धागाकर्ता (हृदय-भूलतज्ज्ञ)

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाला इजा झाली की नाही, हे आपण आजही रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ घटक) वाढण्याची वाट पाहत ठरवतो. ते वाढेपर्यंत जे बिघडायचे ते बिघडून गेलेले असते. २०२० मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी १४५ रुग्णांच्या नोंदींवरून 'व्हेक्सस' ही श्रेणी मांडली. पोटातली मोठी शीर, म्हणजे आयव्हीसी, २ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर यकृत, पोर्टल (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर) आणि मूत्रपिंडातील शिरांचा डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीवर दिसणारा रक्तप्रवाहाचा आलेख, पाहायचा. किमान दोन ठिकाणी प्रवाह गंभीर बिघडलेला असेल, तर रक्त मागे तुंबले आहे असे समजायचे.

गेल्या महिन्यात झडप बदललेल्या, साठेक किलोच्या एका रुग्णाची लघवी तासाला २० मिलिलिटरवर आली आणि निवासी डॉक्टरने सवयीने सलाइन टांगले. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवला, तर एरवी संथ वाहणारा पोर्टल शिरेतला प्रवाह प्रत्येक ठोक्यागणिक जवळजवळ शून्यावर येत होता. सलाइन काढले, फुरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध दिले आणि पहाटेपर्यंत लघवी सुटली. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व्हावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ (मूत्रपिंडतज्ज्ञ)

एका रुग्णावरून 'प्रत्येक' रुग्णावर उडी घेणे मला मान्य नाही. ही श्रेणी 'आहे' म्हणाली तर बऱ्याच अंशी विश्वास ठेवावा, 'नाही' म्हणाली तर मुळीच निश्चिंत होऊ नये, कारण शस्त्रक्रियेत हृदयाचे काम करणाऱ्या पंपावर फुटलेल्या लाल पेशी, घसरलेला रक्तदाब आणि शरीरभर उसळलेला दाह यांनी झालेली इजा शिरांत दिसत नाही. शिवाय हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप गळत असेल तर यकृतशिरेचा आलेख तसाही बिघडलेला असतो, आणि सडपातळ निरोगी माणसातही पोर्टल प्रवाह ठोके देतो. मूत्रपिंडातील धमनीचा रेझिस्टिव्ह इंडेक्स (प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे डॉप्लरवरचे माप) ०.७ च्या वर गेला म्हणून घाबरणारेही आहेत. सत्तरी गाठलेल्या, उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णात तो शस्त्रक्रियेआधीच तेवढा असू शकतो.

भाकीत कामाचे कधी, तर त्यामुळे उपचार बदलून इजा टळते तेव्हा. २०१७ च्या जर्मनीतील चाचणीत लघवीतील प्रथिनांवरून जोखमीचे २७६ रुग्ण निवडले आणि त्यांपैकी ज्यांना काटेकोर काळजी मिळाली, त्यांच्यात इजेचे प्रमाण ७१.७ ऐवजी ५५.१ टक्के राहिले. सोनोग्राफीसाठी मला असा पुरावा हवा.

धागाकर्ता

'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो. पण त्या प्रथिनांच्या चाचणीने जोखीम कळते, सलाइन द्यावे की काढावे हे कळत नाही. लघवी कमी झाली की बाटली टांगण्याआधी एकदा प्रोब ठेवा, एवढे तरी मान्य व्हावे.

प्रतिसाद २ (जिल्हा पातळीवरील भूलतज्ज्ञ)

दोघांच्याही म्हणण्यात यंत्र खाटेशेजारी उभेच आहे. आमच्याकडे ते क्ष-किरण विभागात असते, कारण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी झालेले यंत्र सहजासहजी इकडेतिकडे हलवायला कोणी धजावत नाही. रात्री दोन वाजता माझ्या हाताशी असते ती यूरोबॅग, म्हणजे लघवी साठवणारी पिशवी, आणि ती तासातासाला मोजणारी सिस्टर.

प्रतिसाद १ (मूत्रपिंडतज्ज्ञ)

बाटलीआधी प्रोब, हे मान्य. मात्र मग त्याला भाकीत म्हणू नका, तुंबलेपण शोधणे म्हणा.