इंधनाच्या नळीवरचे चुंबक

इंधनाच्या नळीवर चुंबक बसवले की पेट्रोलचे रेणू सुटे होऊन ते पूर्ण जळते आणि मायलेज वाढते, असा ठाण्यातल्या एका दुकानदाराचा दावा आहे. तो मला पटत नाही. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम अत्यंत क्षीण असतो, आणि मुख्य म्हणजे सुस्थितीतल्या आधुनिक इंजिनात सुमारे ९५ ते ९८ टक्के इंधन मुळातच जळते. ऊर्जेचा मोठा वाटा वाया जातो तो उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून गेल्याने, आणि तिथे चुंबकाचे काहीच चालत नाही. पाण्यापासून हायड्रोजन बनवून मायलेज वाढवण्याचा दावा करणाऱ्या किटचेही तसेच: त्याला लागणारी वीज अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे गाडीचे वीजनिर्मिती यंत्र) देतो, तो फिरतो त्याच पेट्रोलवर, आणि प्रत्येक टप्प्यावर ऊर्जेची घट होते.

चुंबक लावून मायलेज वाढल्याचा अनुभव सांगणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर शंका नाही, परंतु घोडबंदर रोडवर गायमुखच्या कोंडीत अडकलेला आठवडा आणि मोकळ्या रस्त्याचा आठवडा यांच्या मायलेजमधला फरकच एवढा असतो की एका टाकीवरून निष्कर्ष काढता येत नाही. तुलना करायचीच असेल, तर त्याच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, टायरमधील हवा सारखी ठेवावी आणि चुंबक आळीपाळीने लावून व काढून अनेक टाक्यांची नोंद ठेवावी.