मदत हवी आहे: घर सांभाळून मोठं लिखाण कसं पुढे नेता?

नमस्कार मंडळी. मी पूर्णवेळ लिहिते. म्हणजे सदरं, अनुवाद, अधूनमधून मुद्रितशोधन, आणि वेळ उरला तर कादंबरी. घरात नवरा, पहिलीतला मुलगा आणि सासूबाई. तक्रार कुणाबद्दलच नाही.

सदरांचं निभतं. तारीख ठरलेली, शब्दमर्यादा ठरलेली, त्यामुळे घरचेही आपणहून दार लोटून घेतात. घोडं अडतं ते कादंबरीपाशी. तिची कुणी वाट पाहत नाही, मानधनाचा पत्ता नाही, म्हणून कुणी आजारी पडलं की पहिला बळी तिच्याच वेळेचा जातो. शिवाय विचार करत बसलेलं माणूस रिकामंच दिसतं. परवा दोन बहिणींचं भांडण लिहीत होते. धाकटी काय उत्तर देईल ते सुचेना, म्हणून भिंतीकडे बघत होते, तर मुलगा म्हणाला, "आई, तू नुसती बसलीयेस ना, मग माझा दुसरा मोजा शोध ना." मोजा सापडला. धाकटी अजून गप्पच आहे.

पहाटे उठ, असं सगळे सांगतात. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन नोकरी करत, दोन मुलांना एकटीने वाढवत पहाटे लिहायच्या. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. टपाल खात्यात नोकरी करणारे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप साडेपाचला बसून, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे. पण त्यांना उठवायला आणि कॉफी आणून द्यायला पगारी माणूस होता, हेही लक्षात घ्यायला हवं. माझं डोकं पहाटे फार तर जुना मजकूर तपासण्यापुरतं चालतं, नवं सुचत नाही.

म्हणून विचारते. लिखाण अर्ध्यात सुटलं की धागा परत कसा पकडता? उठताना पुढच्या प्रसंगाचं दोन ओळींचं टिपण मी करून ठेवते. दुसऱ्या दिवशी बसले तर ते कामाला येतं. मध्ये आठवडा गेला तर मात्र प्रसंग कळतो, सूर सापडत नाही. मागचं प्रकरण पहिल्यापासून वाचावं, तर हाताशी असलेला तास त्यातच संपतो.

आणि ज्या लिखाणातून आज पैसे येत नाहीत, त्यासाठी घरात वेळ कसा मागितलात? सासूबाई "तू लिही गं" म्हणतात आणि माझी कामं स्वतःवर घेतात. त्यांचे गुडघे दुखतात हे माहीत असताना मला तिथे बसवत नाही.

ज्यांची मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी जरूर लिहा. त्या काळाबद्दल तुमची मुलं आज काय म्हणतात, तेही मला ऐकायचंय.