शब्दचर्चा: ‘पब्लिश-सबस्क्राइब’ला मराठीत काय म्हणावं?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी झीरोएमक्यूवर (प्रोग्रॅममध्ये संदेशांची देवाणघेवाण करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) मराठीत टिपण लिहिते आहे. दोन प्रोसेसनी (चालू प्रोग्रॅमनी) एकमेकींशी कसं बोलायचं याच्या त्यात ठरलेल्या पद्धती आहेत. रिक्वेस्ट-रिप्लायला मी ‘विचारणा-उत्तर’ लिहिलंय, पब्लिश-सबस्क्राइबला ‘प्रकाशक-वर्गणीदार’ आणि पुश-पुलला ‘ढकल-ओढ’. शेवटचे दोन खटकतायत. सुचवाल का?

प्रतिसाद:
‘विचारणा-उत्तर’ ठेवाच. तिथे एकदा विचारलं की उत्तर हाती येईपर्यंत त्याच सॉकेटवर (संदेश पाठवण्या-घेण्याच्या टोकावर) पुढची विचारणा करता येत नाही, केली तर एरर मिळते. ‘ढकल-ओढ’ मात्र नको. पुश सॉकेट जोडलेल्या वर्कर (काम करणाऱ्या) प्रोसेसना पाळीपाळीने संदेश देतो, एक संदेश एकाच वर्करला. सरळ ‘कामवाटप’ म्हणा.

प्रतिसाद:
माझा आक्षेप ‘वर्गणीदार’ला आहे. वर्गणी भरली की प्रत्येक अंक मिळणार, चुकला तर मागून घेता येणार, हे आपण गृहीत धरतो. झीरोएमक्यूत तसं काहीच नाही. ऐकणारं कुणी जोडलेलं नसेल तर पब (पब्लिश करणारा) सॉकेट संदेश टाकून देतो. उशिरा जोडलेल्याचे आधीचे संदेश गेले ते गेलेच. ऐकणारा मागे पडला की त्याची रांग भरते (मर्यादा बदलली नसेल तर १००० संदेश) आणि पुढचे गाळले जातात. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘प्रसारक-श्रोता’ म्हटलं तर निदान खोटी आशा लागत नाही.

प्रतिसाद:
पण म्हणून ‘वर्गणीदार’ मोडीत काढू नका. लिंक्डइनमध्ये जन्मलेल्या आणि २०११ साली ओपन सोर्स झालेल्या काफ्का या संदेश-प्रणालीत संदेश लॉगमध्ये (क्रमाने लिहिलेल्या नोंदवहीत) टिकून राहतात, सेटिंग बदललं नाही तर ७ दिवस. कुठवर वाचलं याची खूण प्रत्येक वाचणाऱ्या गटामागे वेगळी असते, मागे जाऊन पुन्हाही वाचता येतं. तिथे ‘वर्गणीदार’ शोभतो. एमक्यूटीटी (संदेश पाठवण्याचं प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले नियम) दोन्हींच्या मधलं. १९९९ साली ते तेलवाहिन्यांवरच्या उपकरणांशी उपग्रहामार्फत बोलण्यासाठी तयार झालं, म्हणजे जोडणी तुटणार हे धरूनच. त्यात संदेश पोचण्याच्या हमीच्या ०, १, २ अशा पातळ्या आहेत; सेशन (जोडणीची नोंद) राखून ठेवलं असेल तर १ आणि २ पातळीचे संदेश ब्रोकर (संदेश घेऊन पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) सांभाळून ठेवतो. ब्रोकरला ‘मध्यस्थ’ म्हणावं, ‘दलाल’ म्हटलं की कमिशन आठवतं.

मूळ प्रश्न विचारणारी:
पटलं. झीरोएमक्यूसाठी ‘प्रसारक-श्रोता’ घेते, काफ्काच्या भागात ‘वर्गणीदार’. श्रोता जे मागतो त्याला ‘विषय’ लिहू का?

प्रतिसाद:
झीरोएमक्यूत नको. श्रोत्याने दिलेल्या अक्षरांनी संदेशाची सुरुवात होते का, एवढंच तिथे पाहिलं जातं. ‘पुणे’ मागितलं तर ‘पुणेरी’ने सुरू होणारे संदेशही येतील. ‘आरंभाक्षरं’ लिहा. आणि हे ठळक टाइपात द्या: काहीच न मागता नुसतं जोडलं तर एकही संदेश येत नाही, सगळे हवे असतील तर आरंभाक्षरं रिकामी ठेवून मागणी नोंदवावी लागते. नवशिके हमखास इथे अडतात.