फेब्रुवारीत ताडोबा, तोवर बागेतले हिवाळी पाहुणे: तयारीबद्दल सल्ला हवाय

कोथरूडची_गच्ची

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कॉलेजचे सात जण ताडोबाला जायचं म्हणतोय. बेत असा: रविवारी रात्री पुण्याहून रेल्वेने निघायचं, सोमवारी नागपूर, संध्याकाळपर्यंत मुक्कामी. मंगळवारी सकाळी कोअर (आतलं गाभ्याचं जंगल), दुपारी बफर (त्याभोवतालचा पट्टा), बुधवारी दोन्ही वेळा कोअर, गुरुवारी परत. सातातल्या चौघांनी दुर्बीण कधी हातातच धरलेली नाही. मोहर्लीचं गेट की कोलाराचं हे अजून ठरलेलं नाही, बुकिंगही व्हायचंय.

तोवर सोसायटीच्या बागेत रोज सकाळी बसून डोळा तयार करायचा आमचा विचार आहे. हिवाळी पाहुणे पक्षी आलेत. पण एक तपकिरी पक्षी रोज त्याच कुंपणाच्या भिंतीवर येतो आणि सारखी शेपटी हलवतो. तो चिरकाची मादी की थिरथिरा, यावर दोन तट पडलेत. शेवग्यावर एक इवलासा माशीमारही असतो. पाण्याची थाळी ठेवायची तर सेक्रेटरी काका डेंग्यूचं नाव काढतात. आणि दुर्बीण घ्यायची तर ८×४२ की १०×४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये)?

वटवट्या

शेपटी हलते कशी ते बघा, वाद तिथेच मिटेल. थिरथिरा शेपटी उभी करत नाही. बसल्या बसल्या बुड झुकवतो आणि शेपटी थरथरवतो. मादी धुरकट तपकिरी असते, पण कंबर आणि शेपटीच्या कडा विटकरी, मधली पिसं मात्र गडद. उडून जमिनीवर उतरताना तो विटकरी पंखा स्पष्ट दिसतो. चिरकाची मादी शेपटी पाठीवर ताठ उभी धरते, शेपटी काळपट असते आणि विटकरी रंग फक्त शेपटीखाली, बुडाशी. रोज त्याच भिंतीवर येतो म्हणताय, म्हणजे थिरथिराच असावा. तो हिवाळाभर ठरलेल्या जागेची राखण करतो, तिथून खाली झेप घेऊन किडा उचलतो आणि परत येऊन बसतो. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम.

शेवग्यावरचा बहुतेक लाल छातीचा माशीमार. शेपटी वर झटकली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात. आवाज कोरडा, सावकाश वाजणारा 'टर्र्र्'. हा नीट घोटून ठेवा, कारण विदर्भात त्याचा भाऊबंद तैगा माशीमारही भेटतो आणि फोटोवरून भांडणं होतात. तैगाची चोच सगळी काळी, लाल छातीवाल्याच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट. तैगाच्या शेपटीच्या मुळावर पसरलेली आच्छादनपिसं शेपटीपेक्षाही काळीभोर. लाल छातीवाल्या प्रौढ नराचा नारिंगी गळा हिवाळ्यातही टिकतो, तैगाच्या नराचा तो रंग जातो आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा चढतो. तैगाची टर्रटर्र जास्त जलद आणि किरकिरी.

झुडपात दडून नुसतंच 'चक्... चक्...' करणारा कोणी असेल तर तो ब्लाइथचा बोरू वटवट्या. दिसायला वेळ लावतो, ऐकू लगेच येतो.

जिप्सीतली_मधली_सीट

बेतातली मोठी गडबड आधी सांगते: ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. साप्ताहिक सुट्टी. मंगळवारी फक्त बफरचा विचार करा आणि ज्या गेटचं बुकिंग करणार त्याचं वेळापत्रक बुकिंगच्या पोर्टलवर त्या तारखेला बघूनच पैसे भरा. नाहीतर सगळंच एक दिवस पुढे ढकला. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात, त्यामुळे बुध-गुरु खिशालाही बरे.

दुसरं, सात हा आकडा वाईट. एका जिप्सीत (सफारीची उघडी गाडी) सहा पर्यटक, वर गाइड आणि चालक. सातव्यासाठी दुसरी जिप्सी लागतेच, आणि गाडीभाडं, गाइड, परवाना हे सगळं गाडीमागे मोजलं जातं. म्हणून सहा अधिक एक असला विनोद करू नका, चार-तीन बसा. खर्च तोच, पण एका बाकावर दोघं आले की प्रत्येकाला कड मिळते. तिघं बसले की मधला माणूस सफारीभर दुसऱ्यांच्या कोपरांचे फोटो काढतो. मागचा बाक उंच असतो, दिसतं छान, पण खड्ड्यात उडायलाही होतं. पाठीचं दुखणं असलेल्यांना पुढचा बाक द्या.

गेट आधी ठरवा, मुक्काम नंतर. नागपूरहून उमरेड-चिमूरमार्गे येणार असाल तर कोलारा सोयीचं. रेल्वेने थेट चंद्रपूरला उतरणार असाल तर मोहर्ली, चंद्रपूरहून तासाभरात पोचता. लोक सकाळची सफारी एका टोकाच्या गेटची आणि दुपारची दुसऱ्या टोकाची घेतात, कारण पोर्टलवर तेवढंच शिल्लक असतं. जंगलाला बाहेरून वळसा घालून जायला सहज दोन तास लागतात, मग जेवण जिप्सीत. आणि रेल्वेने पोचायच्या दिवशी दुपारची सफारी घेऊच नका. गाडी उशिरा आली तर तुमच्यासाठी कोणी गेट उघडं ठेवत नाही.

बुकिंगला प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो, गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आधार देऊन बुकिंग केलं आणि लायसन्स घेऊन आलात तर पहाटेच्या थंडीत वाद घालत बसाल.

आठ_बाय_बेचाळीस

नवख्यांसाठी ८×४२, डोळे मिटून. कारण सांगतो. १०× दुर्बीण वाघ मोठा करते तशी हाताची थरथरही मोठी करते, आणि इंजिन चालू असलेल्या जिप्सीत ती थरथर फुकट मिळते. शिवाय दृश्याचा घेर अरुंद होतो, नवख्याला पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. उजेडाचं गणितही सोपं: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०× मध्ये ४.२. गेट उघडतं तेव्हा जंगलात पुरतं उजाडलेलं नसतं, तिथे हा फरक जाणवतो.

चौघांना हे बागेतच शिकवा. आधी दुर्बीण मधोमध मुडपून दोन वर्तुळांचं एक करा. मग उजव्या भिंगावर हात ठेवा (डोळा मिटू नका, चेहरा आकसतो), डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर पन्नास फुटांवरची पाटी स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची रिंग फिरवा. तो आकडा लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर रबरी कप खाली दाबलेले, नसेल तर वर. दुर्बीण विकत घेताना चष्मेवाल्यांनी आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर आहे ना, ते बघावं. कमी असेल तर कडेला काळी रिंग दिसत राहते.

'मला दिसतच नाहीये' याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: माणूस पक्ष्यावरची नजर काढून दुर्बिणीकडे बघतो. नजर पक्ष्यावर रोखलेली ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. शिंजीर हा इवला पक्षी जास्वंदीवर आला की हाच सराव. तो एका जागी दोन सेकंद ठरत नाही, त्याला पकडलंत तर बाकीचं जंगल सोपं.

पाषाणकर_

@आठ_बाय_बेचाळीस, सगळ्यांना ८× नको हो. उजनी धरणाकाठी भिगवणला किंवा ताडोबाच्या तलावाकाठी लांबच्या पाणपक्ष्यांसाठी एखादी १०× असलेली बरी. सातांत एक-दोन १०×, बाकी ८×.

आठ_बाय_बेचाळीस

ते मान्य. पण ती नवख्याच्या हातात देऊ नका, आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा.

शेवग्याचं_झाड

सेक्रेटरी काकांचं म्हणणं अगदीच चूक नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तरी अंडी तिथेच राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. म्हणून पाणी रोज बदलायचं आणि आठवड्यातून दोनदा काथ्याने कडा घासायच्या, घासलेलं पाणी गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओतायचं. साबण नको. थाळी घासून तासभर उन्हात वाळवली की शेवाळाचाही प्रश्न सुटतो. पाळी कुणाची ते वहीत लिहून काकांच्या हातात द्या, विरोध मावळेल.

थाळी म्हणजे मातीचं पसरट परळ, कसबा पेठेत कुंभारवाड्यात मिळतं. चिनी मातीचं गुळगुळीत भांडं नको, पाय घसरतात. कडेला दोन-तीन सेंटिमीटर पाणी, मधोमध पाचाच्या वर नाही, आणि एक खडबडीत दगड बाहेर डोकावणारा. दाट झुडपापासून दोन-तीन मीटर लांब ठेवा: इतकं जवळ की पक्ष्याला पळून लपता येईल, इतकं लांब की मांजराला दबा धरून झेप घेता येणार नाही. बहुतेक सोसायट्यांमध्ये थाळी थेट मेंदीच्या कुंपणाला टेकवून ठेवतात आणि मग पिसं गोळा करतात.

दाणे टाकू नका. थिरथिरा, माशीमार, वटवटे हे किडे खाणारे, दाण्याला ढुंकून बघत नाहीत. दाण्यावर येतात ते पारवे, आणि एकदा आले की हलत नाहीत. त्यापेक्षा माळीकाकांना सांगून दोन महिने औषधफवारणी थांबवा आणि एका कोपऱ्यात पाचोळा राहू द्या. 'यंदा पक्षी कमी झाले' ही तक्रार ज्या बागेतून येते, तिथे फवारणी कधी झाली ते आधी विचारावं.

वटवट्या

सफारीसाठी बागेतून नेण्याजोगी खरी गोष्ट म्हणजे कान. कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणजे मर्लिन (आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप) घरीच. आत्ता ते अ‍ॅप फक्त पडताळणीला ठेवा: आधी आवाज ऐकून नाव वहीत लिहा, मग अ‍ॅप काय म्हणतंय ते बघा. आवाज वाजवून पक्ष्याला बोलवू मात्र नका, इथेही नाही आणि तिथे तर नाहीच.

धोक्याचे आवाज बागेतही असतात. मांजर दिसलं की सातभाई एका झुडपावर गोळा होऊन खाली तोंड करून कलकलाट करतात, खार शेपटी झटकत मिनिटं न् मिनिटं 'चिक् चिक्' करत राहते. शिक्रा हा शिकारी पक्षी आला की उलट, बाग एकदम चिडीचूप. आरडाओरडा करणाऱ्याकडे बघत बसू नका, त्याची चोच कुठे वळलीय तिकडे बघा. ताडोबात हेच करायचं. वानर झाडाच्या शेंड्यावरून 'खॅक् खॅक्' करत एकाच दिशेला टक लावून बघत असेल तर तीच तुमची दिशा. सांबराचा खणखणीत 'ढाँक', तोही पुन्हा पुन्हा, पाय आपटत आणि शेपटी उभारून, हा सगळ्यांत भरवशाचा. चितळाचा बारीक, तीव्र आवाज कशानेही निघतो, एका हाकेवर गाडी पळवायला लावू नका. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गावातलं कुत्रंच वाटतं.

दिशा सांगायची भाषाही आत्ताच ठरवा. जिप्सीचं नाक म्हणजे बारा, उजवीकडे तीन. आधी झाड, मग फांदी, मग पक्षी. 'अरे तिकडे, तिकडे!' याचा अर्थ सातही जणांना वेगळा लागतो, आणि ओरडणं तर गाइडला अजिबात खपत नाही.

अपेक्षांबद्दल एक. फेब्रुवारीत साग-बांबूत अजून आडोसा बराच असतो आणि पाणी ठिकठिकाणी असतं, त्यामुळे वाघ पाणवठ्यावर ठरल्यासारखा येईल असं नाही, ते एप्रिल-मेचं काम. पण पक्ष्यांसाठी हाच मोसम: पाहुणे अजून असतात, तलावाकाठी मत्स्यगरुड, झाडीत भृंगराज, सर्पगरुड. सातजणांना हे निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या सफारीनंतर रुसवेफुगवे होत नाहीत.

पाषाणकर_

रंगीत तालीम करायची असेल तर जानेवारीतला एक रविवार काढा. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनखात्याची गवताळ सफारी आहे, स्थानिक गाइडसकट. लांडगा, चिंकारा, खोकड, आणि हिवाळ्यात भोवत्ये (माळावर खालून उडणारे शिकारी पक्षी). उघड्या माळरानावर दुर्बिणीने टप्प्याटप्प्याने डावीकडून उजवीकडे कसं शोधायचं ते तिथे आपोआप शिकता. बुकिंग आधी करा. परतीच्या वाटेवर भिगवण लागतंच. रोहित (फ्लेमिंगो) हवे असतील तर जेवढं उशिरा जाल तेवढं बरं, उजनीचं पाणी उतरून चिखल उघडा पडल्याशिवाय ते काठाला येत नाहीत.

जिप्सीतली_मधली_सीट

राहिलेलं: पहाटेची उघडी जिप्सी म्हणजे थंडीवर वारा. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जर्किन, कानटोपी, हातमोजे. नऊनंतर एकेक थर उतरतो. कॅमेऱ्यावर उशीचा जुना अभ्रा घाला आणि गाडीत लेन्स बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. कॅमेरा टेकवायची बीनबॅग रिकामी न्या, राजमा तिथल्या बाजारात घेऊन भरा आणि निघताना रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात देऊन या. मोबाइल नाही म्हणजे हातात घड्याळ हवं.

कोथरूडची_गच्ची

सगळ्यांचे आभार! शेपटी तपासली. विटकरी कडा दिसल्या, थिरथिराच. बेत बदलला: सोमवारी रात्री निघून मंगळवारी मुक्कामी, बुधवार-गुरुवार कोअर, चारही सफाऱ्या कोलारा गेटच्या, चार-तीन अशा दोन जिप्सी. आता एकच शंका. सातव्याची सुट्टी अजून मंजूर नाही. बुकिंग झाल्यावर नाव बदलता येतं का?

जिप्सीतली_मधली_सीट

त्या भरवशावर राहू नका. नावं पक्की असलेल्या चौघांची जिप्सी आजच घ्या. दुसरी त्याची सुट्टी मंजूर झाली की, पण त्याला या शुक्रवारपर्यंतचीच मुदत द्या. नाहीच जमलं तर उरलेले दोघं पहिल्या जिप्सीत मावतील असं गृहीत धरू नका. त्या बुकिंगमध्ये नंतर नावं जोडता येतील का, ते पैसे भरायच्या आधी पोर्टलवरच्या नियमांत वाचून घ्या.