साहित्याच्या मॅडमच हव्यात
'साहित्यवाल्या मॅडमकडे चार कॉलेजांचं पर्यावरण शिक्षण कशाला?' असं कुणीतरी विचारलंय. अहो बाप्पा, १९९१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर हा विषय सक्तीचा झाला, तरी प्रोजेक्ट सीनियरचंच उतरवलं जातं. मीही तेच केलं होतं (कव्हर तेवढं नवीन).

आमच्या मॅडमनी पोरांना नागपूरच्या अंबाझरी तलावाखालच्या वस्तीत पाठवलं, सप्टेंबर २०२३ च्या पुराबद्दल विचारायला. एका पोरीने भिंतीवरची पाण्याची खूण स्वतःच्या खांद्याला लावून मोजली. वहीत लिहिलं, 'फ्रिज तरंगत होता, आजी पलंगावर उभी होती.'

पाण्याची तपासणी केमिस्ट्रीवाले शिकवतीलच. पण आपण सगळे नाग नदीला बिनदिक्कत 'नाला' म्हणतो, हे खटकायला भाषेचाच माणूस लागतो. फक्त मॅडमचे नेहमीचे तास कमी करा. चार कॉलेजं म्हणजे अर्धा दिवस गाडीवरच जातो.