फ्रिजमधल्या ट्युलिपच्या कंदांना कोंब दिसतोय, बाहेर काढू का?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी. हिवाळ्यात घरातच फुलं बघायची हौस म्हणून ट्युलिप, हायासिंथ आणि पेपरव्हाइट नार्सिसस असे तिन्ही कंद आणले आणि एकाच कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून दिले. महिना होऊन गेला असेल. काल पिशवी उघडली तर ट्युलिपच्या दोनतीन कंदांना फिकट हिरवं टोक आलंय. आता कुंडीत लावून खिडकीत ठेवू का? कुणी सहा आठवडे थंडी पुरे म्हणतं, कुणी चार महिने. हायासिंथ नुसत्या पाण्यावर वाढतो म्हणे, तसा ट्युलिपही चालेल का? आणि खत कुठलं घालू?

ता.क. पिशवीवर ‘हे कांदे नाहीत’ असं ठळक लिहिलंय. सासऱ्यांनी एक सोलायला घेतला होता.

चिखल्या:
पेपरव्हाइट आजच बाहेर काढा, त्यांना थंडी लागतच नाही. उथळ भांड्यात खडे घालून त्यात कंद बसवा, पाणी जेमतेम बुडाला टेकेल इतकंच ठेवा. ४ ते ६ आठवड्यांत फुलं येतात. वास मात्र काहींना उग्र वाटतो, झोपायच्या खोलीत नको.

आणि चिठ्ठी लावलीत ते फार बरं केलंत. तिन्ही कंद विषारी आहेत. नार्सिससने तर चांगल्याच उलट्या होतात. मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्यापासूनही लांब ठेवा.

कंदोबा:
चिखल्या यांच्याशी सहमत. आता ट्युलिपचं.

कोंब दिसला म्हणून थंडी पुरी झाली असं अजिबात नसतं. कंद थंडीतही हळूहळू पुढे सरकत असतोच. ट्युलिपला २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १२ ते १६ आठवडे हवेत, हायासिंथला १० ते १४. तुमचा जेमतेम एक तृतीयांश प्रवास झालाय. आत्ता उबेत आणलात तर पानं येतील, पण दांडा लांबणार नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच अडकून बसेल. त्या थंडीत कंदातल्या स्टार्चची साखर होते आणि दांड्याची लांबायची तयारी होते. ती अर्धवट राहिली की वरून कितीही ऊन दाखवा, उपयोग शून्य.

खताचं विचारलंत. काही घालू नका. फूल तुम्ही तयार करायचंच नाहीये, ते आत बसलेलंच आहे. खात्री करायची तर एक कंद बळी द्या. धारदार सुरीने शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. मांसल पापुद्र्यांच्या मधोमध पिवळट पानांची गुंडाळी दिसेल, ती सुईने उलगडा आणि भिंग लावा. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये तीन कोपऱ्यांचा स्त्रीकेसर, सगळं जागच्या जागी असतं. व्यापारी उत्पादक हेच करतात. तो तीन कोपऱ्यांचा स्त्रीकेसर दिसेपर्यंत ते कंद थंडीत घालत नाहीत, त्या टप्प्याला ‘जी’ अवस्था म्हणतात. म्हणजे आपलं काम वाढवण्याचं कमी आणि न बिघडवण्याचं जास्त.

बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे इथिलीन वायू. पिकणारी फळं तो सोडतात, त्यातही सफरचंद आघाडीवर. त्या कप्प्यात फळं आहेत का हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला तीच धास्ती आहे. कंद बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतली कळी वाळून गेलेली असते. हे कळतं केव्हा, तर तीन महिने वाट बघून झाल्यावर!

दुसरा चोर पिशवीतच असू शकतो. फ्युझेरियम बुरशी लागलेला ट्युलिपचा कंदही भरपूर इथिलीन सोडतो आणि शेजाऱ्यांना घेऊन बुडतो. प्रत्येक कंद हातात घेऊन दाबा. हलका, मऊ किंवा आंबूस वासाचा लागला तर सरळ फेका, दया दाखवू नका. हायासिंथ हाताळताना हातमोजे घाला, त्याच्या सालीने भयंकर खाज सुटते.

खिडकीपाशी:
कंदोबा, सफरचंदं वरच्या कप्प्यात होती, आत्ताच बाहेर काढली. कंद सगळे घट्ट आहेत, एकाला फक्त सालीवर हिरवट बुरशी आहे. आता ते पिशवीतच राहू देऊ की कुंडीत लावून कुंडी फ्रिजमध्ये ठेवू?

कंदोबा:
वरचा कप्पा म्हणजे हवा तीच, काढलीत ते उत्तम. सालीवरची हिरवी बुरशी पुसून टाका, खालचा भाग टणक असेल तर काही होत नाही.

जागा असेल तर कुंडीत, माझं मत ठाम आहे. थंडीच्या काळातच मुळं धरली की पुढचं सगळं सोपं जातं. कंद जवळजवळ लावा, एकमेकांना चिकटू देऊ नका, शेंडे मातीच्या पातळीला ठेवा. ट्युलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या कडेकडे करा. पहिलं मोठं पान त्या बाजूने येतं आणि कुंडीला छान झालर मिळते. माती ओलसर हवी, चिखल नको. जागा नसेल तर पिशवीतच मुदत पुरी करा, मग लावून मुळं धरेपर्यंत घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

मुदत संपली की लगेच उन्हात नको. आधी आठवडाभर १० ते १५ अंशांत, मंद उजेडात. पिवळा कोंब हिरवा झाला की मग खिडकी. तिथून साधारण ३-४ आठवड्यांत फूल. उमलल्यावर रात्री गार जागी सरकवलंत तर जास्त टिकेल.

पाण्यावर फक्त हायासिंथ करा, ट्युलिपला मातीच द्या. हायासिंथच्या भांड्यात पाणी बुडाच्या किंचित खाली हवं, टेकलं की कुजतो. मुळं पाण्याकडे आपणहून उतरतात. थंडी मात्र त्यालाही पूर्ण.

चिखल्या:
+१. पेपरव्हाइटबद्दल एक राहिलं. घरात ते लांबलचक होऊन आडवे पडतात. यावर कॉर्नेल विद्यापीठाचा एक उपाय आहे, दारूचा. कोंब दोनेक इंच झाले की साधं पाणी ओतून द्यायचं आणि ४ ते ६ टक्के अल्कोहोलचं पाणी घालायचं. झाड एक तृतीयांश ते निम्मं बुटकं राहतं, फूल मात्र तेवढंच मोठं.

खिडकीपाशी:
चेष्टा करताय ना?

चिखल्या:
अजिबात नाही. अल्कोहोलमुळे मुळांना पाणी ओढायला जड जातं, म्हणून वाढ आखडते. ४० टक्क्यांची व्होडका असेल तर एक भाग व्होडका, सात भाग पाणी. बिअर-वाइन नको, त्यातल्या साखरेने नुकसान होतं. आणि १० टक्क्यांच्या वर गेलात तर झाडच मरायला टेकेल.

खिडकीपाशी:
बरं! पेपरव्हाइट खड्यांवर बसवले, ट्युलिपच्या कुंडीसाठी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला. फूल येऊन गेल्यावर हे कंद पुढच्या वर्षी चालतात का?

कंदोबा:
ट्युलिप आणि पेपरव्हाइट कंपोस्टमध्ये टाका, ते थकलेले असतात. हायासिंथ बागेत जागा असेल तर लावून बघा, तुरा विरळ येईल. वर्षानुवर्षं तोच कंद फुलवायचा असेल तर पुढच्या वेळी अमॅरिलिस आणा. त्याला थंडीची अट नाही. फुलल्यावर पानं जपा, त्यांना खत द्या आणि मग ८ ते १० आठवडे पाणी तोडून गार जागी विश्रांती द्या.